फोनवरचा डॉक्टर

मी डॉक्टर झालो तो विमानात बसायच्या आदल्या दिवशी. काष्टीला आमच्या वस्तीवर सत्कार होता. शाल, नारळ, फेटा आणि चौकात भला मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर माझ्या नावाआधी 'डॉ.' छापलेलं. मी फ्लेक्सवाल्याला फोन केला, म्हटलं अरे बाबा, अजून नुसतं ऍडमिशन झालंय, वर्गाचं तोंडसुद्धा बघितलं नाही. तर तो म्हणाला, सहा वर्षांनी होणारच आहेस ना, मग पुन्हा नवा कशाला छापायचा? त्याचं बरोबरच होतं म्हणा. त्या दिवसापासून मला नावानं हाक मारणारा माणूस वस्तीवर उरला नाही. आईसुद्धा चारचौघांत 'आमचे डॉक्टर' म्हणायला लागली.

मला ते आवडलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं वाचताना कुणाला माझी दया यायची. मला ते लई आवडलं.

जॉर्जियात पोचलो तेव्हा तिथं थंडीला सुरुवात झाली होती. हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही तिघं, तिघंही महाराष्ट्रातले. इंडक्शनच्या एकाच शेगडीवर वरणभात, तोही पाळीपाळीनं. खाली कोपऱ्यावर एक बाई भट्टीतला लांबट पाव विकायची. सकाळी तो गरम पाव घ्यायचा, वर घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी घालायची आणि खात खात मिनीबस पकडायची. मिनीबसमध्ये उतरायचं असलं की ड्रायव्हरला ओरडून सांगावं लागतं. मला तिथली भाषा येत नव्हती, म्हणून पहिले दोन महिने मी दुसरं कुणी ओरडेल तिथं उतरायचो आणि उरलेलं चालायचो. बर्फात पाय भिजायचे, नाक गळायचं. वर्गात हाडांची नावं पाठ करायची, संध्याकाळी खोलीवर येऊन पुन्हा तीच. परदेशातलं शिक्षण म्हणजे एवढंच होतं, पण गावाकडे फोटो जायचे ते फक्त बर्फाचे.

आणि गावाकडून यायचे ते रिपोर्ट. पहिल्याच महिन्यात सुरू झालं. चुलत्याच्या सासऱ्याचा रक्ताचा रिपोर्ट, शेजारणीच्या गुडघ्याचा एक्स-रे, कुणाच्या पाठीवर उठलेल्या पुरळाचा फोटो. एकानं तर गाईच्या सडाचा फोटो पाठवला, म्हणे जनावराचंही बघत असशीलच. आमच्याकडे घरातलं पोरगं मेडिकलला लागलं की पहिल्या दिवसापासून सगळी भावकी त्याचीच पेशंट होते. दवाखान्यातला डॉक्टर काही का सांगेना, 'आपल्या डॉक्टरला' विचारल्याशिवाय गोळी घशाखाली उतरत नाही. शिकून झालाय की शिकतोय, हे कुणी विचारत नाही.

मी काय करायचो? रिपोर्ट मोबाईलवर मोठा करून बघायचो, इंटरनेटवर शोधायचो, पाच मिनिटांनी फोन लावून आवाज जड करून सांगायचो. काही विशेष नाही, पाणी भरपूर प्या, आठ दिवसांनी पुन्हा दाखवा. माझे खोलीतले दोघंही आपापल्या गावाला तेच सांगायचे. बहुतेक दुखणी आपोआप बरी होतात, त्यामुळे आमचं नाव झालं. आईला वस्तीवरच्या बायका म्हणायच्या की तुमच्या पोराच्या हाताला गुण आहे. हजारो किलोमीटरवरून हाताला गुण कसला डोंबलाचा! पण मी ऐकून घ्यायचो.

माझ्यावर सगळ्यात जास्त विश्वास होता तो मामांचा. आईचे धाकटे भाऊ, कोल्हारचे. प्रवरेच्या काठाला त्यांचा मळा, थोडा ऊस, थोडे पेरू, दोन गाई. मुलगी लग्न करून नाशकाला गेलेली, घरी ते आणि मामी. बारावीनंतर दोन वेळा परीक्षा देऊनही मला इथं मेडिकलची सीट मिळाली नाही तेव्हा घरात सगळे मला शेती बघ म्हणत होते. एकटे मामा म्हणाले, पोरगं हुशार आहे, बाहेर पाठवा. विमानतळापर्यंत मला सोडायला तेच आले होते. दर रविवारी सकाळी त्यांचा व्हॉट्सॲपवर कॉल यायचा. त्यात दुखणंखुपणं काही नसायचं. जेवलास का, बर्फ किती पडला, मास्तर रागवतात का, एवढंच. मग शेवटी हसून विचारायचे, "काय डॉक्टर, अजून किती राहिलं?"

दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत आम्हाला चार दिवस सुट्टी होती. वर्गातली आम्ही दहा-बारा पोरं डोंगरातल्या एका गावाला बर्फ बघायला निघालो. शहरातला बर्फ म्हणजे चिखल, तिकडचा खरा, असं सगळे सांगायचे. मिनीबस ठरवली होती. वळणावळणाचा रस्ता, मागं गाणी लागलेली, पोरी खिडकीतून व्हिडिओ काढतायत. माझ्या शेजारी एक केरळची मुलगी बसली होती आणि तिच्यावर छाप पाडायचा माझा प्रयत्न दोन महिने चालू होता. हेही सांगून टाकतो.

साडेनऊ वाजले असतील. मामांचा कॉल आला. वार रविवार नव्हता, म्हणून मला जरा नवल वाटलं. मामांचा आवाज बारीक येत होता. म्हणाले, सकाळपासून छातीत घशापर्यंत जळजळतंय आणि जबडा ठणकतोय, दाढ दुखावी तसा. घामही येतोय. मी विचारलं, काल काय खाल्लं? म्हणाले, काल स्टँडवर भेळ खाल्ली, जरा जास्तच झाली. मला एवढंच हवं होतं. मी सीटवर ताठ झालो, शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं दोन इंग्रजी शब्द घातले आणि सांगितलं,

"मामा, हे पित्त आहे. गोळी घ्या, थंड दूध घ्या आणि डाव्या कुशीवर पडून राहा. संध्याकाळपर्यंत बरं वाटेल."

ते म्हणाले, "दवाखान्यात जायची गरज न्हाई ना?"

"काही गरज नाही," मी म्हणालो. "तिथं गेलात की उगाच ऍडमिट करून घेतात."

मामा म्हणाले, बरं झालं बाबा तुला विचारलं. फोन ठेवला. शेजारच्या मुलीनं विचारलं कोण होतं, मी म्हटलं माय पेशंट, आणि आम्ही दोघं हसलो. डोंगरात पोचल्यावर बर्फात लोळलो, फोटो काढले. त्यातला एक फोटो मी मामांना पाठवलासुद्धा. तो त्यांनी बघितला नाही. दुपारी चारच्या सुमाराला मामा गेले होते.

मला कळलं दुसऱ्या दिवशी, वडिलांच्या फोनवरून. अटॅक आला म्हणाले, कॉटवरच गेला, दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही.  किती वाजता, एवढंच मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. वडिलांना वाटलं, पोराला धक्का बसलाय. ते म्हणाले, परीक्षा जवळ आली आहे, तू येऊ नकोस, येऊन तरी काय करणार. मी हो म्हणालो. मला जायचंच नव्हतं. त्या घरात पाय ठेवायची माझी छाती नव्हती.

आधी मी स्वतःची समजूत घातली. पित्त वेगळं आणि अटॅक वेगळा, सकाळी पित्त असेल, दुपारी अटॅक आला असेल, दोन्हीचा काय संबंध? महिनाभर मी हे इतक्या वेळा घोकलं की जवळजवळ पटलं. मग मार्चमध्ये पॅथॉलॉजीच्या तासाला हृदय सुरू झालं. शिकवणारी बाई म्हातारी होती, शिस्तीची, चष्मा नाकावर. तिनं फळ्यावर माणसाचा अर्धा देह काढला आणि खडूनं छातीपासून गळ्याकडे, गळ्यापासून जबड्याकडे रेघ ओढली. म्हणाली, पेशंट तुम्हाला जळजळ म्हणेल, दाढ दुखते म्हणेल, घाम पुसेल, आणि काल काय खाल्लं ते सांगेल. त्याला हसू नका, त्याला ताबडतोब आत घ्या. सगळा वर्ग लिहून घेत होता. मी बाहेर जाऊन मोबाईलवर मामांच्या त्या कॉलची वेळ बघितली. परत आलो आणि मीही लिहून घेतलं, कारण परीक्षेला येणार होतं.

त्या दिवसापासून मला वस्तीवरचे फोन नकोसे झाले. अभ्यास आहे, नेटवर्क नाही, असं काहीबाही सांगून टाळायचो. जेवण जाईना. खोलीतल्या दोघांना वाटलं, प्रेमभंग झालाय. ती केरळची मुलगी एकदा डबा घेऊन आली, मी दारच उघडलं नाही.

पण खरा जीव जायचा तो आईच्या फोनवर. आईला भावाच्या जाण्याचं कारण सापडलं होतं. ते कारण म्हणजे मामी. सकाळपासून माणूस घाम पुसतोय आणि बाईला कळू नये? पंधरा मिनिटांवर एवढा मोठा दवाखाना, गाडीत घालून नेता आलं नाही? दूध देऊन निजवलं म्हणे. भावकीतही तेच चालू होतं. दहाव्याला आलेल्या बायका मामीच्या तोंडावर बोलल्या. नाशकाच्या लेकीनंसुद्धा मामीला विचारलं, तू दादांना नेलं का नाहीस? मामीनं कुणालाच उत्तर दिलं नव्हतं. आई म्हणायची, उत्तर असेल तर देईल ना!

उत्तर माझ्याकडे होतं. दर रविवारी आई हे बोलायची आणि मी तिकडून हं, हं करायचो. आज सांगतो, पुढच्या रविवारी सांगतो, परीक्षा झाली की सांगतो. मामांनी मला केलेला फोन मामीला ठाऊक आहे की नाही, हेही मला माहीत नव्हतं. मामांनी तो मळ्यात उभं राहून केला असेल, मामी घरात असेल, तिला काहीच माहीत नसेल, अशी मी आशा धरून होतो. अन् मग स्वतःचीच शिसारी यायची. तिला माहीत नाही म्हणजे ती स्वतःलाच दोष देत बसली असणार.

जुलैत सुट्टी लागली, घरी आलो. चौथ्या दिवशी आई म्हणाली, मामीला भेटून येऊ, तुझं जायचं राहिलंय. काष्टीहून नगर आणि नगरहून कोल्हार, दोन एसट्या करून गेलो. मी वाटेत आईला सांगणार होतो. तिला मळमळत होतं म्हणून राहू दिलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मामी ओळखू येईना. मी परदेशी गेलो तेव्हा काळे असलेले केस पार पांढरे झाले होते. आई तिच्या गळ्यात पडून रडली, पण रडून झाल्यावर दोघी दोन टोकांना बसल्या. शेजारच्या दोन बायका आल्या. मी आलोय हे कळल्यावर एक म्हातारबुवा छातीचे ठोके मोजलेला कागद घेऊन आले, तेव्हा मामी त्यांना म्हणाली, आज नको, तो पाहुणा आलाय. साडेपाचला ती बादली घेऊन धारा काढायला गोठ्यात गेली. मी मागोमाग गेलो. कितीतरी महिने मी वाक्यं जुळवत होतो. ऐन वेळी एकही आठवलं नाही.

म्हटलं, "मामी, त्या दिवशी मामांनी मला फोन केला होता. मीच म्हणालो होतो की पित्त आहे."

मामीनं गाईच्या सडांना पाणी मारलं, खाली बसली, धार काढायला लागली.  मग माझ्याकडं न बघता बोलली.

"ठाऊक हाय. फोन स्पीकरवर हुता."

तिनं दुसरा सड धरला.

"गाडी दारात उभी हुती," मामी म्हणाली. "शेजारच्यांची. मीच बोलावली. यांनी चपला घातल्या, पायरी उतरले, अन् म्हनले थांब, एकदा डॉक्टरला इचारू. तुझा फोन झाला अन् चपला काढून आत आले. मी लई म्हनले, जाऊन तर येऊ. म्हनले, तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतंय का?"

मला रडू आलं. मी तिथंच शेणात बसलो. मी म्हणालो, मामी, मी आत जाऊन सगळ्यांना सांगतो, आत्ता सांगतो. लोक तुम्हाला बोलतात, आई बोलते, मला हे सहन होत नाही. तेव्हा ती पहिल्यांदा वळली. तिच्या चेहऱ्यावर राग होता. तो राग मी अजून विसरलेलो नाही.

"इतके दिस झालं की सहन," ती म्हणाली. "आता बी व्हईल. तू सांगितलंस तर तुझी आई ह्या घराचा उंबरा कशी चढंल? तिच्या पोरानं भाऊ घालवला, हे घिऊन ती जगंल का? मला नवरा न्हाई राह्यला. तिला पोरगं बी न्हाई, माहेर बी न्हाई, असं करू नगंस."

मी विचारलं, मग मी काय करू? ती म्हणाली, काय न्हाई.

"तुला कळत नव्हतं, ते मी धरत न्हाई. पोरगं हुतास. पन कळत न्हाई एवढं म्हनायचं हुतंस. तेवढ्यानं ते गाडीत बसले असते."

तिनं बादली उचलली. मला माफी मागायची होती, मागितलीही. मामी म्हणाली की माफी तिला जमणार नाही, खोटं कशाला बोलू, आणि आत येऊन चहा घे. ती पुढं गेली. मी हौदावर पँट धुतली, तोंड धुतलं. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला हायसं वाटलं. मामीनं गप्प राहायला सांगितलं होतं. मला आता कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं. हे लिहिताना मान खाली जाते, पण तसंच झालं होतं.

आत आई शेजारणींशी बोलत बसली होती. विषय तोच. मामा किती धट्टेकट्टे होते, ऊस कसा खांद्यावर आणायचे. मामी ट्रेमध्ये चहा घेऊन आली. आईनं कप घेतला, पदरानं डोळे पुसले आणि मामीकडे बघून, सगळ्यांच्या समोर, म्हणाली,

"वेळेवर नेलं असतंस तर माझा भाऊ आज इथं बसला असता."

शेजारणींनी माना खाली घातल्या. मामी माझ्यासमोर ट्रे धरून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. गोठ्यातला राग त्या डोळ्यांत आता नव्हता, नुसती वाट बघणं होतं. एवढी एक संधी ती मला देत होती, असं मला आजही वाटतं. तिनं गोठ्यात काही का सांगितलेलं असेना, मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी ट्रेमधला कप उचलला.

मामी वळली आणि आईला म्हणाली,

"व्हय वन्सं. चुकलंच माझं."